किलासीच्या वळणावरचा हॉर्न

सुबिलागा माझ्या दुकानापुढे पिकअप घेऊन आली तेव्हा मी आधी गाडीकडे पाहिलं आणि मग तिच्याकडे. गाडी मला पाठ होती. अंबाकिस्येची ती निळी पिकअप. तिचे दिवे, तिचा स्टार्टर, तिच्या तारा, सगळं माझ्या हातून गेलेलं. शेवटची पाहिली होती तेव्हा तिचं नाक आत गेलं होतं आणि ट्रॅक्टरच्या मागे दोरखंडाने बांधून तिला डोंगरावरून खाली आमच्या तुकुयूला आणत होते. आता पत्रा ठोकून सरळ केला होता. डावा दरवाजा दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा, पांढरा. आणि स्टिअरिंगच्या चाकामागे ती स्वतः बसली होती.

"कधी शिकलात, वहिनी?"

"शिकतेय अजून," ती उतरत म्हणाली. "मी गियर टाकला की रस्त्यातली माणसं आपणहून बाजूला होतात. म्हणजे येत असावं."

अंबाकिस्ये माझा मित्र. आमच्या बाजूची केळी तो म्बेयाच्या बाजारात नेऊन विकायचा. आमच्याकडे मित्राच्या बायकोला वहिनी म्हणतात आणि तिची चेष्टाही करतात, पण तो गेल्यापासून मला तिच्याशी धड बोलताही येत नव्हतं. तिने शेजारच्या सीटवरची टोपली उतरवली, वरचं केळीचं पान बाजूला केलं. आत दोन हॉर्न होते, गोगलगायीच्या शंखासारखे वळलेले, एक मोठा आणि एक जरा लहान.

"हे बसवा, भावजी. असे बसवा की पलीकडच्या डोंगरावर ऐकू गेले पाहिजेत."

मी हॉर्न हातात घेतले. चांगले होते, वजनदार. "थेट नाही जोडता येणार," मी म्हणालो. "हे दोघं मिळून बॅटरीतून एवढा करंट ओढतील की स्टिअरिंगची बारीक तार जळून जाईल. मधे रिले घालावा लागेल."

"म्हणजे काय?"

मी खोक्यातून एक रिले काढून तिच्या तळहातावर ठेवला. काडेपेटीएवढाही नव्हता. "तुम्ही स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की याला फक्त खूण जाते. मग हा आतल्या आत टक करतो आणि बॅटरीचा करंट जाड तारेतून हॉर्नला सोडतो. तुम्ही घरात बसून हाक मारलीत आणि दारातल्या माणसाने फाटक उघडलं, तसं."

"आमच्याकडे हाक मारली तर कुणी उठत नाही," ती म्हणाली. मी हसलो. ती हसली नाही.

ती मोठे हॉर्न कशासाठी मागत होती ते मला माहीत होतं, गावाला माहीत होतं. तुकुयूहून म्बेयाला जाताना रस्ता चढत चढत ढगात शिरतो. पावसाळ्यात वर धुकं एवढं दाट असतं की गाडीचं स्वतःचं नाक दिसत नाही. किलासीच्या वळणावर एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. तिथे डोळ्यांनी नाही, कानांनी गाडी चालवतात. हॉर्न वाजवायचा, ऐकायचं, मगच वळायचं. अंबाकिस्ये केळी घेऊन वर चालला होता आणि समोरून फळ्यांनी भरलेला एक ट्रक खाली येत होता. ट्रकचा ड्रायव्हर अंगानिले, त्याला खरचटलंसुद्धा नाही. पोलिसांपुढे आणि नंतर वडीलधाऱ्यांच्या बैठकीत त्याने एकच गोष्ट सांगितली: मी वाजवला होता, समोरून हॉर्न ऐकू आला नाही.

एवढंच तो म्हणाला. बाकीचं लोकांनी जोडलं. वाजवला नाही म्हणजे झोप लागली असेल. झोप म्हणजे प्यायला असेल. अंबाकिस्येच्या सख्ख्या भावाने मयताच्या घरी बसून, लोकांच्या ताटात उकडलेली केळी वाढत असताना, मान हलवून म्हटलं होतं, "सकाळी सकाळीसुद्धा घ्यायचा तो कधी कधी." सुबिलागा पलीकडच्या खोलीत बायकांत बसली होती. मधे फक्त पडदा होता.

मी बॉनेट उघडलं. जुना हॉर्न काढला, नवे दोन लोखंडी पट्टीवर पुढच्या जाळीमागे कसले. बॅटरीपासून जाड तार, तिच्यावर फ्यूज, मग रिले, रिलेपासून दोन्ही हॉर्नना. जुन्या हॉर्नकडे येणारी स्टिअरिंगची तार रिलेच्या खुणेच्या टोकाला. सुबिलागा दुकानाच्या बाकावर बसून बघत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "भावजी, जुन्या हॉर्नवरून कळतं का हो?"

"काय?"

"त्या दिवशी त्याने दाबला होता का नव्हता, ते."

मी हातातला पाना खाली ठेवला. "नाही, वहिनी. लोखंडात तसं काही राहत नाही."

"मला वाटलं काळं वगैरे पडत असेल."

"पडतं. पण ते रोजच्या वापराने पडतं. त्या दिवसाचं वेगळं असं काही नसतं."

तिने मान हलवली.

बसवून झाल्यावर मी तिलाच दाबायला सांगितलं. तिने अंगठा ठेवला आणि दोन्ही हॉर्न असे एकदम उठले की समोर अव्होकाडो विकणारी तुसाजिग्वे हातातला तराजू सोडून उभी राहिली.

"काय गं हे," ती रस्त्यापलीकडून ओरडली, "मेलेली उठून बसतील की."

मग गाडी कुणाची ते तिच्या लक्षात आलं. तिने तोंडावर हात ठेवला आणि दुसरीकडे बघत अव्होकाडो रचायला लागली. सुबिलागाने अंगठा उचलला नाही. होता तसा ठेवून, समोर काचेतून बघत, ती तो आवाज ऐकत राहिली.

पावसाने चांगला जोर धरला, धुकं खाली चहाच्या मळ्यांपर्यंत उतरलं, तेव्हा ती पुन्हा आली. या वेळी उतरली नाही. काच खाली केली.

"तुमचा हॉर्न आपोआप वाजतो."

"कुठे?"

"किलासीला. दुसरीकडे कुठेच नाही. मी हात लावलेला नसतो. दोन्ही हात चाकावर असतात, तेवढं ते वळण वाईट आहे. आणि हा वाजतो, लांबच लांब. वळण संपलं की गप्प."

"नेहमी?"

"आधी एकदा झालं. मग मधे नाही. आता दर खेपेला."

ही गोष्ट माझ्याआधी बाजाराला कळली होती. घड चढवणारे दोन गडी एकदा तिच्याबरोबर वर गेले होते. ते किलासीलाच उतरून चालत परत आले आणि त्यांनी भेटेल त्याला सांगितलं. तेव्हापासून तिच्या गाडीत माल चढवायला कुणी तयार होईना. ती आणि तिच्या दोन बहिणी मिळून घड चढवायच्या. दीर म्हणत होता, गाडी विकून टाक, गेलेल्याला तू ती चालवलेली आवडत नाहीये.

"तुम्हाला भीती वाटते का?" मी विचारलं.

"पहिल्यांदा वाटली. आता मी त्याच्याशी बोलते. वाजायला लागला की म्हणते, हो, ऐकलं, ऐकलं मी." मग माझ्याकडे नीट बघत म्हणाली, "तुम्ही बघा. तार असेल तर तार म्हणा. नसेल तर नाही म्हणा. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका. कुठल्याच बाजूचं."

मी तिथेच बघितलं. चाक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवलं, रिले काढून घातला, तारा हलवल्या. काही नाही. रिकामी गाडी सपाट जमिनीवर गप्प उभी होती. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, माल भरून ती निघाली तेव्हा, मी तिच्या शेजारी त्या पांढऱ्या दरवाजाकडे बसलो.

ती चांगली चालवत होती. अंबाकिस्येपेक्षा सावकाश आणि त्याच्यापेक्षा सरळ. चहाचे मळे मागे पडले, मग काहीच दिसेना. काचेवर पाणी, पाण्यापलीकडे पांढरं. ती नाक काचेला लावून चालवत होती. रस्त्याच्या कडेला एखादी बाई डोक्यावर ओझं घेऊन एकदम समोर यायची आणि तशीच नाहीशी व्हायची.

"आलं," ती म्हणाली. मला काहीच दिसत नव्हतं.

तिने वळणाआधी दोनदा हॉर्न दिला, थांबली, ऐकलं. मीही ऐकलं. कड्यावरून पाणी ठिबकत होतं. ती पहिल्या गियरवर पुढे निघाली आणि चाक डावीकडे पूर्ण फिरवलं. मागे घड सरकले, गाडी एका अंगाला कलली आणि हॉर्न वाजायला लागला.

तिचे दोन्ही हात मला दिसत होते. मी आयुष्यभर तारांचंच काम केलंय, पण मानेपासून खाली माझं अंग गार पडलं, हे मी नाकारणार नाही. त्या धुक्यात तो आवाज बाहेर जात नव्हता. सगळीकडून आपल्याच अंगावर येत होता. सुबिलागा हलक्या आवाजात म्हणत होती, "हो. ऐकलं. ऐकलं." घरात कुणी शेजारच्या खोलीतून हाक मारली तर बोलावं, तितक्या साध्या आवाजात. मग तिने चाक जरा सोडलं आणि तो थांबला.

"थांबवा गाडी," मी म्हणालो. "चाक आहे तिथेच ठेवा. मी खाली घुसून बघतो."

तिने हँडब्रेक ओढला. मी दरवाजा उघडला तेवढ्यात समोरून धुक्यातून एक माणूस चालत आला. एक हात कड्याला टेकवत, आंधळा चालतो तसा. जवळ आला तेव्हा मी ओळखलं. अंगानिले. त्याचा ट्रक वळणापलीकडे इंजिन बंद करून उभा होता.

त्याने पिकअप पाहिली. निळा पत्रा, मग पांढरा दरवाजा, मग काचेमागची सुबिलागा. तो जागीच उभा राहिला.

"ही तीच गाडी," तो म्हणाला.

"तीच," सुबिलागा म्हणाली. ती खाली उतरली होती.

त्या बैठकीनंतर दोघं समोरासमोर आले नव्हते. मला वाटलं आता ती त्याला काहीतरी बोलेल, किंवा तो पाय धरेल. दोन्ही झालं नाही. तो माझ्याकडे वळला. "आता वाजला तो हॉर्न कुठला?"

"नवा आहे. मी बसवला."

"मग जुना?"

"काढला."

"काढलात?" तो म्हणाला. "मग मला रोज हॉर्न कोण देतं?"

तो दारू प्यायलेला नव्हता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले, पण शुद्धीवर होता. त्याने सांगितलं ते असं. त्या दिवसानंतर मालकाने त्याला पुन्हा याच रस्त्यावर धाडलं. पहिल्याच खेपेला किलासीच्या वरच्या अंगाला त्याला खालून हॉर्न ऐकू आला. तो थांबला, वाट पाहिली. कुणी आलं नाही. त्यानंतर धुकं असलं की दर वेळी. ट्रकचं इंजिन बंद करतो, उतरून वळणापर्यंत चालत येतो, बघतो. कुणी नसतं. परत जाऊन ट्रक सुरू करतो. मागच्या गाड्या शिव्या देतात. आज पहिल्यांदा हॉर्न ऐकून आला आणि खरोखरच गाडी होती.

"पण हा आवाज नव्हे तो," तो म्हणाला. "तो बारीक आहे."

"कसा?" सुबिलागाने विचारलं.

"बारीक. शेळीसारखा."

"वाजवून दाखवा."

त्याला कळेना. तिने पुन्हा म्हटलं, "तोंडाने. कसा वाजतो ते."

अंगानिले मोठा माणूस, लाकडाच्या ट्रकवर आयुष्य गेलेला, माझ्यापेक्षाही वयाने जास्त. तो रस्त्याच्या मधे उभा राहिला, डोळे मिटले आणि तोंडाने हॉर्न वाजवला. आधी अडखळत, प, प, पें, आणि मग एकदा लागला की एकसारखा बारीक, न थांबता, श्वास संपेपर्यंत.

सुबिलागाने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्या गाडीच्या स्टिअरिंगमधली बटणाखालची पट्टी झिजली होती. दाबलं की जुना हॉर्न आधी दोनतीनदा अडखळायचा, मग जोर दिला की धरायचा. मी अंबाकिस्येला किती वेळा म्हटलं होतं, बदलून टाकू. तो म्हणायचा, असू दे, बायको लांबून ओळखते. वळणावर एकदाच ऐकणाऱ्याला ते अडखळणं कळलं नसतं. आणि अंगानिलेने तर ऐकलाच नाही, असं तो शपथेवर सांगून बसला होता.

"तुम्ही त्या दिवशी ऐकला नाही म्हणाला होतात," सुबिलागा म्हणाली. आवाज चढला नव्हता.

"नव्हता ऐकला, बाई. फळ्या आपटत होत्या, पाऊस पडत होता. मी खोटं नाही बोललो." तो थांबला. "आता वाटतं, कानात गेला असेल आणि मला कळलं नसेल. किंवा मग तो तेव्हापासून वाजवतोय. मला माहीत नाही. मला झोपेत नाही ऐकू येत, घरी नाही, बाजारात नाही. इथेच येतो."

"किती वेळ वाजतो?"

"पुष्कळ. मी थांबलो तरी वाजत राहतो. मग एकदम तुटतो."

ती कड्याच्या पायथ्याशी असलेल्या ओल्या दगडावर बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवले. रडली नाही, निदान मला दिसेल असं नाही. धुक्याने सगळ्यांचेच चेहरे ओले होते. मला मात्र कळलं होतं, तिला कळलं ते. त्याने दाबला होता. अडखळला तेव्हा जोर दिला होता आणि शेवटपर्यंत अंगठा उचलला नव्हता.

अंगानिले तिच्यापुढे उभा होता, कामाला आलेल्या गड्यासारखा, पुढचं सांगणं ऐकायला. शेवटी त्यानेच विचारलं, "मी काय करू आता? ऐकू आला की?"

"थांबत जा," ती म्हणाली. "त्याला जाऊ द्या. मग निघा."

तो मान हलवत राहिला.

मी गाडीखाली घुसलो. करण्यासारखं तेवढंच होतं. अंगानिलेने खिशातून विजेरी काढली आणि वाकून माझ्यासाठी धरली. उजेड पत्र्यावर नाचत होता, तरी मला सापडलं. अपघातात स्टिअरिंगचा दांडा वाकला होता आणि तो ठोकून सरळ करताना बटणाची तार कडेच्या पत्र्याला घासेल अशी बसली होती. भार असला, गाडी कलली आणि चाक पूर्ण डावीकडे गेलं की तारेचं उघडं पडलेलं अंग पत्र्याला टेकायचं. जुन्या हॉर्नला एवढ्याशा टेकण्याने काही झालं नसतं. रिलेला तेवढी खूण पुरते. आणि या रस्त्यावर एवढं वळावं लागणारं वळण एकच आहे.

मी बाहेर आलो, हात पुसले. "तार आहे, वहिनी," मी म्हणालो. "घासून उघडी पडली होती."

"म्हणजे हा तो नव्हता."

"हा नव्हता."

"बरं," ती म्हणाली. मग म्हणाली, "बांधा."

मी चिकटपट्टी गुंडाळली, तार दांड्यापासून दूर ओढून बांधली. आम्ही पुढे निघालो तेव्हा अंगानिलेने आपला ट्रक कड्याला लावून आम्हाला वाट दिली. किलासीचं वळण गप्प गेलं. सुबिलागाचे ओठ हलल्यासारखे वाटले, पण मी बघितलं नाही.

पुढे बाजारात अंगानिलेने तुसाजिग्वेच्या दुकानापुढे उभं राहून, चारचौघांत सांगितलं की अंबाकिस्येने हॉर्न वाजवला होता, मीच ऐकायला कमी पडलो. कसं कळलं, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, कळलं. ट्रकवाला आपल्याच अंगावर घेतोय म्हटल्यावर लोकांनी फार खोदलं नाही. दारूची गोष्ट मागे पडली. दिराने ती पुन्हा काढली नाही, आणि वहिनीची माफीही मागितली नाही. माल चढवणारे गडी परत आले. सुबिलागाने त्यांना पहिले दोन आठवडे बहिणींच्या मदतीशिवाय घड उचलायला लावलं आणि आपण सीटवर बसून त्यांच्या चुका काढल्या.

पावसाळा संपता संपता ती वायपर दुरुस्त करायला आली. मी मोटर उघडून बसलो होतो. ती बाकावर बसून चहा पीत होती.

"अंगानिले भेटला होता वर," ती म्हणाली. "त्याला आता ऐकू येत नाही म्हणे. मागच्या महिन्यापासून."

"बरं झालं."

"तो घाबरलाय. म्हणतो, आता ऐकू येत नाही म्हणजे मी पुन्हा चुकवत असेन. थांबतो तरी. उतरून बघतो."

मी मोटरमधला चिखल खरवडत राहिलो.

"मीपण थांबते," ती म्हणाली. "इंजिन बंद करते, काच खाली घेते. कितीदा. पाणी ऐकू येतं, दरीत कुठे कुऱ्हाड चाललेली ऐकू येते. मला एकदाही नाही आला तो, भावजी. बायको मी. तो आवाज मी घरातून ओळखायचे, भात उतरवायला उठायचे. आणि गेला तो त्या ट्रकवाल्याकडे."

तिच्या आवाजात राग होता, नवरा उशिरा घरी आल्यावर बायकोच्या आवाजात असतो तसा.

"त्याने हॉर्न त्या ट्रकवाल्यासाठीच दाबला होता ना, वहिनी," मी म्हणालो. "समोर तोच होता."

तिने कप खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "हो," ती म्हणाली. "मी काय, घरी होते."

वायपर फिरायला लागला. ती चाकामागे बसली, कोरड्या काचेवर तो दोनदा फिरवून बघितला, बंद केला. बाजारातून बाहेर पडताना मधे शाळेतली पोरं आली, तिने हॉर्न दिला. पोरं पळाली आणि गाडी चढाला लागली. वर ढग होते.